उच्चाराची किल्ली कोणाच्या हाती?

इंग्रजीचे व्याकरण शिकता येते, शब्द पाठ करता येतात, पण उच्चार मात्र घरातूनच यावा लागतो, असा एक समज आपल्याकडे मुरलेला आहे. म्हणजे ज्याच्या आजोबांनी इंग्रजी ऐकले, त्याचा उच्चार 'शुद्ध'. आपला 'गावठी'. हा समज मला मान्य नाही.

आमचे असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. इथल्या बोलीत 'डोळा'चा 'डोया' होतो. बहिणाबाईंच्या कवितेत अशी बोली आली की वाहवा, आमच्या पोराच्या तोंडून आली की वर्गात हशा! मराठीत ही गत, तर इंग्रजीचे काय सांगावे? आमच्या गल्लीतल्या एका पदवीधराने मुलाखतीत 'डेव्हलपमेंट' म्हणताना पहिल्या अवयवावर जोर दिला. समोरचे साहेब हसले. त्याच्या कामाबद्दल पुढे प्रश्नच आला नाही.

उच्चाराचे शास्त्र या देशाला नवे नाही. वेदांगांत 'शिक्षा' आहे, ती उच्चाराचीच. पण ती कोणासाठी होती? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली, हे आपण जाणतोच. याउलट १८८६ मध्ये पॅरिसला भाषाशिक्षकांनी संघटना काढली आणि एका ध्वनीला एक चिन्ह, या तत्त्वावर लिपी बनवली. ती आज इंग्रजीच्या चांगल्या शब्दकोशात शब्दाशेजारीच छापलेली असते. वाचणाऱ्याला ती जात विचारत नाही.

इंग्रजीची अक्षरे २६, आणि ब्रिटिश उच्चारात ध्वनी मोजतात ४४. म्हणून स्पेलिंग फसवते. देवनागरीही फसवते बरे! 'चार' आणि 'चाक' म्हणून पाहा: अक्षर एक, 'च' दोन. 'डेव्हलपमेंट'मध्ये आपण 'मेंट' लिहितो, पण शब्दकोशात तिथे उलटे ठेवलेले छोटे 'ई' दिसते. म्हणजे सैल, अर्धवट 'अ'. आणि दुसऱ्या अवयवाच्या आधी वर एक उभी रेघ असते. जोर तिथे. साहेबांच्या हसण्याचे उत्तर एवढ्याशा रेघेत होते, आणि ती त्या मुलाला शाळेत कोणी दाखवली नव्हती.

काही मित्र म्हणतात, आता मोबाईल उच्चार ऐकवतो, चिन्हे कशाला? पण कान सवयीचेच ऐकतो. 'व्हाइन' म्हणजे वेल आणि 'वाइन' म्हणजे दारू, हे दोन्ही आमच्या पोरांना आधी एकच ऐकू येत होते. चिन्हे वेगळी दिसली, मग आरशात पाहिले: वेलीला वरचे दात खालच्या ओठावर, दारूला ओठ गोल. त्यानंतर मोबाईलमधला फरकही ऐकू आला.

लंडनच्या साहेबासारखे बोला, असे मी म्हणत नाही. 'डोया' सोडा, असे तर मुळीच नाही. दर रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात आम्ही बसतो. एक जुना शब्दकोश आणि एक आरसा ठेवलेला आहे. अडलेले शब्द घेऊन या.