परक्या बंदरातील बिऱ्हाड



चाळिशी उलटल्यावर मनुष्याने पुन्हा पाटी-दप्तर हाती धरू नये, असे आमच्या गावातील एक वृद्ध शिक्षक गमतीने म्हणत असत. २०२३ च्या सप्टेंबरात मी नऊ महिन्यांच्या शिक्षणासाठी पोर्तुगालच्या राजधानीस, लिस्बन शहरी, जाण्यास निघालो तेव्हा त्यांचे हे शब्द वारंवार आठवत होते. जाण्याचे कारण साधे होते. आमचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला; तत्पूर्वी या भागातील पुष्कळ गावे गोव्याच्या महाधर्मप्रांतात मोडत. त्या काळातील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या वह्या पोर्तुगीज भाषेत आहेत. आपल्या आजा-पणजाचे नाव शोधीत लोक येतात, आणि वही पुढ्यात घेऊन बसलेला पाद्री मात्र निरक्षरासारखा पाने उलटीत राहतो. ही लाज जावी म्हणून मी परवानगी मागितली आणि ती मिळाली.

लिस्बन हे समुद्रकाठचे शहर म्हणून सर्वत्र ठाऊक आहे. परंतु त्याच्या पायाशी जे पाणी दिसते ते तेजू नदीचे. ही नदी शहरापाशी एवढी पसरते की, पैलतीर धूसर दिसावा. तेथील लोक त्या पसरलेल्या पाण्याला ‘पेंढ्याचा समुद्र’ म्हणतात. भरती-ओहोटी, खारा वारा, पाण्यावर घिरट्या घालणारे पांढरे पक्षी, सर्व काही आपल्या कोकणातील खाडीसारखे. खरा अटलांटिक महासागर त्याच्या पश्चिमेस. काठाकाठाने धावणारी आगगाडी चाळीसेक मिनिटांत कास्कायश गावी पोहोचविते, आणि वाटेत लाटा डाव्या हातास सोबत करतात.

शहर टेकड्यांवर वसले आहे. सात टेकड्यांचे शहर असे त्याचे वर्णन करतात. मी पायऱ्या मोजीत होतो, टेकड्या मोजण्याचे त्राण उरत नसे. ग्रासा नावाच्या उंच वस्तीत एका वृद्ध विधवाबाईंच्या घरी मला खोली मिळाली. एक खाट, एक टेबल, भिंतीवर क्रूस, आणि एक खिडकी. त्या खिडकीतून दोन छपरांच्या मधून नदीची हातभर रुंदीची पट्टी दिसे. भाडे ऐकून पहिल्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला. आमच्या गावी त्या पैशांत एक कुटुंब सुखाने महिना काढील. तरी शेजारच्या विद्यार्थ्यांनी, ‘तुम्हांला स्वस्तात मिळाली’, असे सांगून माझे सांत्वन केले.

पहिला पंधरवडा कागदपत्रांत गेला. त्या देशात प्रत्येकाला कराचा नऊ अंकी क्रमांक घ्यावा लागतो. तो नसला तर भाड्याचा करार नाही, बँकेत खाते नाही. एका कार्यालयात मी दोन दिवस सकाळपासून रांगेत उभा राहिलो आणि दोन्ही दिवस एकेक कागद कमी पडला म्हणून परत आलो. गावी ज्याला पाहून लोक उठून उभे राहतात, त्याला तेथे हातातील चिठ्ठीवरचा आकडा एवढीच ओळख होती. प्रारंभी मन खट्टू झाले. मागाहून वाटले, हेही शिक्षणच आहे आणि ते आधीच व्हावयास हवे होते.

भाषेची मौज तर वेगळीच. घरमालकीणबाईंनी पहिल्या संध्याकाळी माझ्या हाती किल्ली ठेवली व म्हणाल्या, ‘शाव’. वहीत तो शब्द मी पाहिला होता. तीच आपली चावी! साबण दाखवून त्या म्हणाल्या, ‘साबाँव’. पाव, बटाटा, कोबी, अननस, बालदी, पिंप, घमेले, लिलाव, पगार, किती शब्द आपल्या घरांत चारशे वर्षांमागे येऊन राहिले आणि आपलेच होऊन गेले! बाई मला ‘सेन्योर पाद्रे’ म्हणत, तेव्हा आपल्या ‘पाद्री’ या शब्दाची आईच मला हाक मारीत आहे असा भास होई. आता ही भाषा आपणांस सहज येणार, अशा भ्रमात मी वर्गात गेलो. परंतु लिस्बनचे लोक बोलताना निम्मे स्वर गिळून टाकतात. वर्गातील वीस-बावीस वर्षांची मुले भराभर उत्तरे देत आणि मी पहिलाच शब्द पकडण्याच्या खटपटीत असे. पहिल्या चाचणीत माझा क्रमांक शेवटून दुसरा आला. शेवटचा मुलगा त्या दिवशी गैरहजर होता, हे मागाहून कळले.

आपल्याकडे पावसाळा संपतो तेव्हा तेथे पावसाची चाहूल लागते. तेथील उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. पदपथ पांढऱ्या चुनखडीच्या व काळ्या दगडाच्या लहान तुकड्यांनी मढविलेले असतात. ठिकठिकाणी लाटांची, फुलांची नक्षी असते. दिसण्यास फार सुंदर. परंतु वर्षानुवर्षे पावले पडून गुळगुळीत झालेल्या त्या दगडांवर पाऊस पडला की, उतारावर चालणे म्हणजे शेवाळलेल्या विहिरीच्या काठाने चालणे. नोव्हेंबरात मी एकदा चांगलाच आपटलो. थंडीही कागदावर फार नसते, आठ-दहा अंश. पण जुन्या घरांत ऊब राखण्याची सोय नसते. भिंतींना ओल येते, अंथरूण दमट राहते. बाहेरच्यापेक्षा घरात अधिक थंडी, हा अनुभव मला नवा होता.

डिसेंबरात नाताळाच्या आधीच्या आठवड्यात मला ताप आला. तीन दिवस खोलीबाहेर पडलो नाही. तिसऱ्या रात्री आईचा फोन आला. आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. तेथील घड्याळ साडेपाच तास मागे असते. “कसा आहेस रे बाबा?” तिने विचारले. “उत्तम आहे,” मी म्हणालो. “जेवलास?” “पोटभर.” दोन्ही उत्तरे खोटी होती. फोन ठेवला आणि मला एकाएकी माझेच एक प्रवचन आठवले. दोन वर्षांपूर्वी सणाच्या मिस्सेत, परदेशी गेलेल्या आमच्या मुलांविषयी मी बोललो होतो. ‘पैसे पाठविले म्हणजे कर्तव्य संपले असे त्यांना वाटते; आईबापांशी मन मोकळे करून बोलत नाहीत; दोन शब्दांत फोन आटोपतात,’ असे मी व्यासपीठावरून ठणकावून सांगितले होते. पुढच्या बाकावर एक माता पदराने डोळे पुसत होती. तिचा मुलगा आखातात होता. माझे बोलणे परिणामकारक झाले, असे त्या दिवशी मला वाटले होते. आता अंथरुणात पडल्या पडल्या मला कळले की, मी त्या मुलाला ओळखतच नव्हतो.

दुसऱ्या सकाळी बाईंनी दार ठोठावले. हातात वाफाळणारे सूप होते. बटाट्याचे, त्यात बारीक चिरलेली हिरवी कोबीची पाने. मी आईशी खोटे बोललो, हे माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत मी त्यांना सांगितले. त्या हसल्या नाहीत. १९६० नंतरच्या दशकात पोर्तुगालमधून लक्षावधी माणसे पोटासाठी फ्रान्समध्ये गेली; त्यांचे यजमान त्यांपैकीच एक. पुढे मुलगाही तिकडेच गेला आणि तेथेच राहिला. “माझा मुलगा दर रविवारी फोन करतो,” त्या म्हणाल्या, “आणि दर रविवारी सर्व ठीक असते. म्हणून मी ‘कसा आहेस’ असे विचारणे सोडून दिले. आज काय शिजविलेस, कोणाबरोबर जेवलास, एवढेच विचारते. या प्रश्नांना खोटे उत्तर देणे कठीण पडते.”

एप्रिलच्या आरंभी आभाळ उघडले. मी बेलें या भागात गेलो. येथूनच जुनी गलबते हिंदुस्थानास निघत. वास्को द गामा १४९७ साली येथून निघाला; संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी याच बंदरातून निघाले ते १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास पोहोचले. परंतु माझ्या मनात त्या दिवशी तिसरेच नाव होते, फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज येशूसंघी ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले, २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले, आणि पुढे १६१६ साली त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. गोव्यास उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी इंग्लंडमध्ये असलेल्या आपल्या वडिलांना एक लांब पत्र लिहिले. त्यात समुद्राची नवलाई आहे, तशीच खलाशांच्या हिरड्या सुजविणाऱ्या भयंकर रोगाची हकीकतही आहे. वडिलांना काळजी वाटेल म्हणून त्यांनी ती गाळली नाही. ज्या पत्राला पोहोचावयास महिनोन्‌महिने लागणार, त्यात त्यांनी खरे ते लिहिले; आणि क्षणात पोहोचणाऱ्या फोनवर मी खोटे बोललो होतो.

त्या संध्याकाळी मी नदीकाठी बसून आईला फोन केला व डिसेंबरातील तापाची सर्व हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला ठाऊक होतं. तुझा आवाज बसला होता. तू सांगशील म्हणून वाट पाहत होते.” चार महिने तिने वाट पाहिली होती.

त्यानंतरचे दिवस हलके गेले. मार्तीं मोनीज चौकाजवळच्या गल्लीत बांगलादेशी, नेपाळी, गुजराती दुकानदारांकडे तांदूळ, डाळ, हळद मिळे. रविवारी मी वरण-भात करी आणि बाई तो डोळ्यांत पाणी आणून, तिखटाला नावे ठेवीत, संपवीत. काय शिजविले, हे आईला सांगण्याजोगे आता काही असे.

जूनमध्ये निरोपाची वेळ आली ती सणाच्या दिवसांत. आपण ज्यांना पादुआचे संत अंतोनी म्हणतो, ते जन्माने लिस्बनचे. त्यांच्या जन्मस्थानी, मोठ्या देवळाच्या खालच्या बाजूस, त्यांचे देऊळ आहे. १२ जूनच्या रात्री सारे जुने शहर रस्त्यावर येते. दारोदारी तारली भाजतात, त्यांचा धूर गल्ल्यांत भरून राहतो, आणि लोक तुळशीच्या जातीच्या एका रोपाच्या लहान कुंड्या एकमेकांना देतात. त्या रोपाला नाक लावावयाचे नाही. तळहात वरून फिरवून हाताचा वास घ्यावयाचा. बाईंनी मला तशी एक कुंडी दिली. विमानातून ती आणता आली नाही. आपल्या गावी जन्मून परक्या गावाच्या नावाने ओळखले गेलेल्या त्या संताच्या सणाला मी त्यांच्याच गावी परका होतो. परंतु त्या रात्री तसे वाटले नाही.

आता मी परत आलो आहे. जुन्या वह्या थोड्याफार वाचता येतात. एका कुटुंबाला पणजोबांचे नाव शोधून दिले तेव्हा नऊ महिन्यांचे चीज झाले असे वाटले. पण परतल्यावर पहिल्या आठवड्यात मी गेलो तो त्या पुढच्या बाकावरच्या मातेच्या घरी. त्या प्रवचनाबद्दल मी तिची क्षमा मागितली. ती संकोचली. “फादर, तुम्ही खोटं काय बोललात? तो काही सांगतच नाही,” ती म्हणाली. मी तिला बाईंचे दोन प्रश्न सांगितले.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले आज दूरच्या बंदरांत बिऱ्हाड करून आहेत. येत्या रविवारी फोन येईल तेव्हा त्यांनाही एवढेच विचारा: आज काय शिजविलेस, आणि कोणाबरोबर जेवलास?