पायाला मुंग्या आल्या म्हणून

धायरी, पुणे
रविवार, 23 फेब्रुवारी 2025

प्रिय मुक्ता,



काल इतक्या रात्री तुझा फोन आला, काका झोपले होते, म्हणून मी दबक्या आवाजात बोलले आणि निम्मं बोलायचं राहूनच गेलं. आज पाकिस्तानशी मॅच आहे, त्यामुळे माझ्या औषधांच्या दुकानात चिटपाखरू नाही. राहिलेलं निम्मं लिहून टाकते.

आधी तुझे पाय. संक्रांतीला तू इथे आलीस, नळाचं पाणी प्यायलीस आणि आता पायाला मुंग्या येतायत, बरोबर? जीबीएसचं, म्हणजे इथे साथ आलेल्या त्या गुलेन-बॅरी सिंड्रोमचं, गणित असं असतं की आधी बहुतेकदा पोट बिघडतं किंवा सर्दी-ताप होतो, आणि मग साधारण एक ते तीन आठवड्यांनी, फार तर सहा, पायांतली ताकद जायला लागते. तुझं पोट इथल्या तिळगुळानंसुद्धा बिघडलं नव्हतं, आणि सहावा आठवडा आता संपत आलाय. शिवाय या आजारात मुंग्यांपेक्षा अशक्तपणा मोठा. दोन्ही पाय सारखेच लुळे पडतात, जमिनीवरून उठवत नाही, जिना चढवत नाही, आणि ते काही दिवसांत, कधी काही तासांत, वर सरकतं; हातांकडे, काहींच्या बाबतीत श्वासापर्यंत. तू तर काल बोलता बोलता गॅलरीत येरझारा घालत होतीस. तुझ्या सपातांचा आवाज मला इकडे ऐकू येत होता.

बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवतीही मुंग्या आल्या म्हणालीस, तेव्हाच मला अंदाज आला. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि नेमक्या तिथेच मुंग्या येतात. त्या खऱ्याच असतात, मनाचे खेळ नव्हेत. पण त्या येतात भीतीनं, आणि त्या आल्या की भीती आणखी वाढते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते याच्यासाठीच असावं. उद्या खरंच बसल्या जागेवरून उठता आलं नाही, तर मात्र मला फोन न करता थेट मोठ्या दवाखान्यात जायचं, त्याच दिवशी. तेवढं एक लक्षात ठेव आणि बाकी व्हिडिओ बघणं बंद कर.

तू एकटी नाहीस गं. गेला महिनाभर सगळा सिंहगड रस्ता माझ्या काउंटरवर येऊन पाय हलवून दाखवतोय. एक गृहस्थ, चांगले बँकेतून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी दुकानाची पायरी चढून उतरून दाखवतात आणि मी 'छान' म्हटलं की घरी जातात. बी-12च्या गोळ्या तर मी नको सांगूनही लोक पट्ट्याच्या पट्ट्या नेतात. नसांना चांगल्या असतात ना! मास्कची गंमत वेगळीच. जानेवारीच्या सुरुवातीला चीनमधल्या त्या एचएमपीव्ही विषाणूची बातमी आली, लोकांनी मास्क घेतले. मग जीबीएस आला, पण मास्क काही उतरले नाहीत. आजार पाण्यातून आणि खाण्यातून आल्याचं दिसतंय, एकापासून दुसऱ्याला जीबीएस होत नाही, पण तोंड झाकल्यावर काहीतरी केल्यासारखं वाटतं. आमच्या मागच्या सोसायटीतला एक मुलगा बरा होऊन घरी आला, तर त्यांच्या बाईंनी काम सोडलं आणि शेजारच्यांनी लिफ्टमध्ये त्याच्याबरोबर जायचं टाळलं. वॉकर घेऊन चार जिने चढणार तो?

हे ऐकून तुझ्यासारखी शिकलेली माणसं हसतात, आणि रात्री मला फोन करतात. मी हसत नाही. चौकात फलक लागलाय, 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये'. का बरं घाबरू नये? दोनशेच्या वर रुग्ण झालेत, काही दगावलेत. हिशेब कर ना. हा आजार वर्षाला लाखात एक-दोघांना होतोच. आपल्या जिल्ह्याची वस्ती कोटीच्या घरात, म्हणजे वर्षाकाठी शंभर-दीडशे रुग्ण इकडेतिकडे विखुरलेले असायचेच, आपल्याला पत्ताही नसायचा. तेवढे किंवा त्याहून जास्त दीड-दोन महिन्यांत आले, आणि त्यातले कितीतरी धायरी, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला या एका पट्ट्यातले. अशा वेळी जो अजिबात घाबरला नाही त्याचंच काहीतरी तपासायला हवं. (नांदेड म्हणजे सिंहगड रस्त्यावरचं नांदेड गाव. तुझ्या जाऊबाईंनी बातमी ऐकून मराठवाड्यातल्या भावाला फोन केला होता म्हणे.)

आणि खरं सांगू? माझ्या काउंटरवर जी भीती येते तिच्यात आजार निम्माच असतो, निम्मं बिल असतं. या आजारावर इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं देतात, किंवा प्लाझ्मा बदलतात. इंजेक्शनाचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे एकूण दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. साठ किलोच्या माणसाला एकशेवीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या, आणि एकेक बाटली हजारोंची. कमला नेहरू, वायसीएम आणि ससून या रुग्णालयांत उपचार मोफत केले ते फार बरं झालं. ते जाहीर झाल्यावर माझ्याकडे पाय दाखवायला येणारी माणसं कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 'घाबरू नका' या फलकानं एकही कमी झाला नव्हता.

माझी तक्रार भीतीबद्दल नाहीच. ती जाते कुठे, याबद्दल आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आमच्या नाक्यावरच्या चिकनवाल्याकडे रविवारी रांग असायची, आज तो मोबाइलवर मॅच बघत बसलाय. त्याच्यावरचा संशय अगदीच खुळा नाही. काही रुग्णांच्या तपासणीत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू कोंबडीच्या आतड्यात सुखानं राहतो. त्याच्या आवरणावरचा काही भाग आपल्या नसांवरच्या रेणूंसारखा दिसतो, म्हणून जंतूशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती चुकून नसांवर धावून जाते. तेही हजारात एखाद्याच्याच बाबतीत. पण नीट शिजलेल्या रश्शात तो जंतू उरत नाही. तो उरतो कच्चं चिकन नळाखाली धुताना उडालेल्या थेंबांत आणि ते कापलेल्या विळीवरच चिरलेल्या कोथिंबिरीत. लोकांनी रस्सा सोडला, विळी तशीच ठेवली.

पाण्याचंही तेच. नांदेड गावातल्या विहिरीचं पाणी आसपासच्या वस्त्यांना जातं, ते शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, नुसतं क्लोरीन मारून. त्यातली काही गावं 2021 साली महापालिकेत आली. घरपट्टीची बिलं वेळेवर आली, पाण्याचा प्रकल्प काही आला नाही. लोक नळावर विश्वास उरला नाही म्हणून खासगी आरओच्या जारकडे धावले, आणि मग त्यातल्याच काहींचं पाणी खराब निघालं म्हणून पालिकेनं ते प्लांट बंद केले. आरओतून निघालेल्या पाण्यात क्लोरीन राहत नाही, पुढे जार किंवा टाकी घाण असली तर त्याला वाली कोण? या महिनाभरात बी-12 किती जणांनी मागितलं ते विचारू नकोस. आमच्या टाकीत क्लोरीन आहे का, हे कसं बघायचं, असं विचारायला एकच माणूस आला.

ते आमचे जोशीकाका, सोसायटीचे सेक्रेटरी, वय पंचाहत्तरच्या पुढे. रोज सकाळी सातला टाकीखालच्या नळाशी क्लोरोस्कोप घेऊन उभे असतात. आधी थोडं पाणी वाहू देतात, काचेच्या नळीत खुणेपर्यंत भरतात, ओटीचे मोजून थेंब टाकतात, झाकण लावून हलवतात आणि चष्मा कपाळावर सरकवून बाजूच्या रंगपट्टीशी ताडून पाहतात. पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे. नाही आली तर त्या दिवशी पाण्याच्या खात्यातल्या माणसाची खैर नाही. रीडिंग जिन्यातल्या फळ्यावर खडूनं लिहितात. गंमत म्हणजे पाय दाखवायला आमच्या सोसायटीतून आता कुणी येत नाही. सकाळी दूध आणायला उतरलेली माणसं आधी फळा वाचतात. ज्या दिवशी रंग आला नाही, त्या दिवशी एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन मजले मिळून वॉर्ड ऑफिसवर गेले. घाबरलेलेच होते सगळे, पण आपापल्या पलंगावर पडून पाय चिमटत नव्हते.

2009 ची आठवण येते. स्वाइन फ्लूच्या त्या ऑगस्टमध्ये तू शाळेत होतीस. रुमालात कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी बांधून हुंगत फिरायचीस. तेव्हा नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या होत्या. साधी शिंक आलेला माणूस खऱ्या रुग्णाच्या मागे तासन्‌तास उभा, घरी बसला असता तर त्याला काही झालं नसतं. त्याला तरी कुणी सांगितलं होतं की कुठली लक्षणं असली तर यायचं आणि कुठली असली तर नाही? सांगितलं असतं तर निम्मी रांग घरी गेली असती.

तर आता कामाचं. पाणी उकळताना बुडबुडे आले की गॅस बंद करायचा नाही. खळखळून उकळलं की मिनिटभर राहू दे आणि त्याच भांड्यात झाकून ठेव, लेकीचा पेला त्यात बुडवू देऊ नकोस. कच्चं मांस कापायची फळी वेगळी कर. बी-12 डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही, भाचीला म्हणून काही सूट मिळणार नाही. आणि तुमच्या सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली ते विचार. नाशिकला कुणालाच सांगता येणार नाही, बघ.

पुढच्या आठवड्यात तुझे काका तिकडे येताहेत, त्यांच्याबरोबर ओटीची बाटली आणि नळी पाठवते. त्यात आम्ल असतं, लेकीच्या हाती लागू देऊ नकोस, आणि तपासलेलं पाणी झाडांना घालू नकोस, मोरीत ओतून दे. पहिल्या दिवशी रंग येतो का ते मला कळव. रात्री नको, सकाळी.

तुझी,
शुभामावशी