घंटी कुणाची?

दिवाळीला घरी कुणालाही बोलवावं. संगणकवाला भाचा तेवढा बोलवू नये. आमचा भाचा पुण्याहून नागभीडला आला आणि फराळाला न शिवता वहीएवढं एक सर्किट बोर्ड घेऊन ओसरीवर बसला.

"काय करून राह्यला रे?"

"डिव्हाइस ट्री लिहून राह्यलो, मामाजी."

मी झाडीपट्टीतला माणूस. मला झाडाचं काय कौतुक! पण हे झाड निराळंच निघालं. बोर्डावर काय काय आहे आणि ते कुठं जोडलंय, हे लिनक्सला सांगणारी ती वंशावळ. पीसीआयच्या स्लॉटमधल्या कार्डाला 'तू कोण?' असं विचारलं, तर ते आपलं नावगाव सांगतं म्हणे. काही काम निघालं की ते घंटीही वाजवतं. तिला म्हणायचं इंटरप्ट. १९९२ साली पीसीआय निघालं तेव्हापासून या घंट्या चारच : ए, बी, सी, डी. पण आपली घंटी कुठं जाऊन वाजते, हे त्या बिचाऱ्या कार्डालाही ठाऊक नसतं. कोणत्या स्लॉटची कोणती घंटी कंट्रोलरच्या कितव्या तारेवर येते, तो तक्ता माणसानंच लिहायचा. त्यातून बहुतेक कार्डं 'ए'च वाजवतात. म्हणून दर स्लॉटला तारा एकेक घर पुढे सरकवतात. नाहीतर सगळा गलका एकाच तारेवर.

"आणि तक्ता चुकला तर?"

त्यानं पडदा दाखवला. 'आयआरक्यू १६ : नोबडी केअर्ड.' म्हणजे, कुणाला पर्वाच नाही! लाख वेळा घंटी वाजली आणि त्यात ९९,९०० हून जास्त वेळा 'ही माझी' म्हणणारा कुणी भेटला नाही, की लिनक्स ती तारच बंद करतं.

मी पोट धरून हसलो. मग हळूहळू हसू थांबलं.

आईच्या खोलीतलं बटण इलेक्ट्रिशियननं दाराच्याच बेलला जोडलेलं. बेल वाजली की मी दारात जाई आणि कुणी नाही म्हणून परत येई. माडीवरचा धाकटा समजे, दादा गेला. अलीकडे आई बेल वाजवतच नव्हती. आम्ही म्हणत होतो, तब्येत सुधारली! लिनक्स लाखभर वेळा तरी वाट पाहतं. आई दहा-बारा वेळांतच काय ते समजली होती.

त्याच संध्याकाळी भाच्यानं आईची तार वेगळी काढून थेट माझ्या उशाशी आणली. रात्री दोनला बेल खणाणली. मी लुंगी सावरत धावलो.

"काय झालं, आई?"

"काही नाही रे. कोणी येते का, पाहून राह्यली होती."