बुटक्यांची बाजू

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. ही गोष्ट मी कुणाला आपण होऊन सांगत नाही. सांगावी लागतही नाही. लग्नाच्या फोटोसाठी मला पाटावर उभे केले होते आणि तो पाट फोटोत दिसतो. तेव्हापासून उंच माणसांविषयी माझ्या मनात थोडी अढी आहे.

गेल्या ऑक्टोबरात मी कोसबाडला गेलो. १९५७ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ज्या टेकडीवर बालवाडी घेऊन आल्या, ती एकदा पाहायची होती. बरोबर शेतीशास्त्र शिकलेला माझा शाळासोबती होता. टेकडी उतरताना आम्ही थबकलो. परतीच्या पावसाने एक अख्खे भातखाचर आडवे झाले होते. लोंब्या चिखलात लोळत होत्या आणि एक वारली म्हातारी चार-चार ताटे उचलून एकत्र बांधीत होती.

"चार दिवस असंच राहिलं तर दाण्याला मोड येतील," मित्र म्हणाला. "उंच वाण, त्यात युरिया सढळ हातानं पडलेला. ताट वाढलं, बळ नाही आलं."

"मग वाढ आवरता येत नाही?"

"येते की!" आणि त्याने मला बांधावरच धडा दिला. जपानात भाताची काही रोपे वेड्यासारखी उंच होऊन मरत. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवले की, ही करणी एका बुरशीच्या स्रावाची. त्यातूनच पुढे जिबरेलिन हे वाढीचे द्रव्य हाती आले. ते रोपात कमी तयार होऊ दिले, की पेरे आखूड राहतात. क्लोरमेक्वाट हे वाढरोधक तेच करते. गव्हाला ते चांगले लागू पडते. भातावर मात्र त्याचा तितका गुण येत नाही, म्हणून जपान्यांना भातासाठी निराळी द्रव्ये शोधावी लागली. शिवाय भाताचे पान मेणचट. थेंब घरंगळून जातो. औषध पानाला धरून राहावे, आत शिरावे आणि जमिनीत साचू नये, असे मिश्रण बनवणे हीच खरी कसोटी. आपल्या कोकणात हापूसला मोहोर यावा म्हणून झाडाच्या बुंध्याशी घालतात ते पॅक्लोब्युट्राझोलही याच कुळातले. ते मातीत दीर्घकाळ रेंगाळते.

"दुसरा मार्ग बुटक्या वाणाचा," तो म्हणाला. "१९६६ सालचा 'आयआर-८' जन्मतःच जिबरेलिन कमी करणारा. त्या ठेंगण्यानं आशियाला जेवू घातलं!"

माझी छाती फुगली. चाळीस वर्षांनी कुणीतरी आमची बाजू घेतली होती! मी उत्साहाने म्हातारीला म्हणालो, "आजी, पुढच्या साली बुटकं भात लावा. पडायचं नाही."

तिने मान वर केली. "आन् बैल काय खाईल, मास्तर? पेंढा कुठनं आणू?"

मी मित्राकडे पाहिले. "तिचं खरं आहे," तो हळूच म्हणाला. "फवारणीनं तिचा उंच वाण राहील, पेंढाही थोडाच घटेल. पण फवारायचं ताट वाढू लागतानाच; ऑक्टोबरात पाऊस येणार की नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक? कोरडं गेलं तर औषधाचे पैसे तिच्या अंगावर."

यावर मजजवळ उत्तर नव्हते. मी वहाणा काढून चिखलात उतरलो आणि ताटे बांधू लागलो. मित्र चांगला सहा फुटी. दहा मिनिटांत त्याची कंबर धरली. मला फारसे वाकावे लागत नव्हते.

म्हातारी हसली. "मास्तर," ती म्हणाली, "तुम्हाला बरं जमतं!"