तालीम

‘तालीम’ हा शब्द उर्दूत शिक्षणासाठी वापरतात आणि मराठीत आखाड्यासाठी. मूळ अरबी शब्द एकच, शिकवणे या अर्थाचा. आमच्या समाजातल्या मुलींना पहिल्या अर्थाची तालीम मिळावी म्हणून बऱ्याच जणांनी खस्ता खाल्ल्या. दुसऱ्या अर्थाची तालीम मात्र मोहल्ल्यातल्या पोरांसाठीच राहिली. ती आपल्यासाठीही असू शकते, हे वयाची पस्तिशी गाठेपर्यंत आमच्या मनातही आले नव्हते.

आम्ही दोघी जावा सोलापुरात राहतो. एक बी.एड. करून उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, दुसरी घरी शिलाईकाम करते. गेल्या वर्षी रक्त तपासले, तेव्हा दोघींचीही साखर सीमारेषेवर निघाली. सासूबाईंना रोज इन्सुलिनची सुई टोचून घेताना आम्ही पाहतो. त्यामुळे त्या कागदाचा अर्थ कोणी वेगळा समजावून सांगायला नको होता.

जिमची फी परवडणारी नव्हती. मग मोबाईलवर तीस मिनिटांचा एक व्हिडिओ सापडला, किकबॉक्सिंग आणि ताकदीच्या व्यायामांचा. फजरची नमाज झाली, की मुले उठण्याआधी बाहेरच्या खोलीचे दार लावायचे आणि सुरू करायचे. ४० सेकंद व्यायाम, २० सेकंद दम, मग पुढचा प्रकार. सगळे प्रकार संपले की पुन्हा पहिल्यापासून. या पद्धतीला सर्किट म्हणतात. ती १९५३ मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात आकाराला आली. किकबॉक्सिंग हे नाव १९६० च्या दशकात जपानमध्ये पडले. कराटे आणि थायलंडची मुए थाई यांच्या मेळातून हा खेळ उभा राहिला.

नावे परकी होती, पण करायला लागल्यावर ओळख पटत गेली. स्क्वॅट म्हणजे आपली बैठक, पुशअप म्हणजे जोराचा सख्खा भाऊ. डंबेल नव्हते, म्हणून लिटरभर पाण्याच्या बाटल्या घेतल्या. एकीचे वजन बरोबर एक किलो. खाली सोलापुरी चादर अंथरली तर ती फरशीवर सरकायची. मग लाथांसाठी अनवाणी फरशी आणि पोटाच्या व्यायामासाठी सतरंजी, अशी वाटणी केली. खालच्या मजल्यावर म्हातारे शेजारी राहतात, म्हणून उड्या गाळल्या. त्याजागी पाय भराभर बदलतो.

सर्वांत नवल ठोशाचे वाटले. ठोसा हातातून निघत नाही. मागच्या पायाची टाच वळते, कंबर फिरते, आणि तो जोर खांद्यातून मुठीपर्यंत पोहोचतो. ठोसा मारताना तोंडाने जोरात श्वास सोडायचा. हेच आम्हाला सर्वांत अवघड गेले. लहानपणापासून आवाज खाली ठेवायची सवय. पहिले काही दिवस मूठ पुढे जायची आणि श्वास आतच अडकायचा.

सासूबाई म्हणाल्या, “दिवसभर राबता, वर ही कसरत कशाला?” प्रश्न रास्त होता. पण राबणे एकाच बाजूला झिजवते. फळ्यावर एकच हात वर जातो, शिलाई मशीनवर खांदे पुढे झुकतात, पाठ दिवसभर वाकलेली राहते. व्यायामात डावे-उजवे दोन्ही सारखे चालते, आणि वजन हळूहळू वाढवता येते. काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून साखरेच्या दुखण्यात नुसते चालणे पुरत नाही, ताकदही हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत. हे सगळे सासूबाईंना ऐकवले. त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्याने मात्र खुर्ची घेऊन आल्या आणि डॉक्टरांना विचारून खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस करू लागल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. एकीची साखर उतरली, दुसरीची होती तिथेच थांबली. ती वाढली नाही, याचेही आम्हाला समाधान आहे.

शाळेत खेळाचा तास अनेकदा गणिताच्या उरलेल्या भागासाठी जातो. आता सातवीच्या मुलींचा तो तास आम्ही सोडत नाही. त्यांना काश्मीरच्या बांदीपोरातल्या तजामुल इस्लामची गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये इटलीत किकबॉक्सिंगचे जागतिक सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ती पुरती नऊ वर्षांचीही नव्हती. गोष्ट ऐकून एका मुलीने विचारले, “मॅडम, मूठ कशी धरायची?”

अंगठा बाहेर ठेवायचा, मुठीत दाबायचा नाही, नाहीतर मोडतो. मनगट सरळ. आणि श्वास सोडायचा, आवाज झाला तरी चालेल. चाळीस मुलींनी एकदम श्वास सोडला, तेव्हा शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. आम्ही त्यांना सांगितले, “काही नाही सर, तालीम चालू आहे.”