उभ्या गाडीतली गरम हवा

नागपूरच्या मे महिन्यात गाडीचा एसी ही चैन राहत नाही. निदान आमच्या घरी तरी नाही. बाबांना डायलिसिसला न्यावं लागतं आणि परतीची वेळ नेमकी भर दुपारची येते. बाहेर ४५ अंश, अंगातलं पाणी नुकतंच काढलेलं, रक्तदाब उतरलेला. अशा माणसाला तापलेल्या गाडीत बसवणं धोक्याचं असतं. म्हणून नवतपा लागायच्या आधीच एसीतून गरम हवा येऊ लागली तशी मी गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथे कुणी काही तपासलं नाही. "गॅस संपला असेल," म्हणाले, नळी जोडली, गॅस भरला, पैसे घेतले. घरी येईपर्यंत हवा आधीपेक्षाही गरम झाली होती.

एक गोष्ट मात्र मी रोज पाहत होते. वर्धा रोडवर गाडी वेगात असली की हवा छान गार यायची. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलं की जरा वेळात कोमट, मग गरम. गाडी पुन्हा पळू लागली की परत गार.

कॉटन मार्केटकडे एक जुने एसी मिस्त्री आहेत. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी नेमकं हेच विचारलं. "ताई, हवा गरम केव्हा येऊन राहिली? चालत्या गाडीत का उभ्या?" मी सांगितलं. "मग गॅसचं नंतर पाहू," म्हणाले आणि मला एसी लावायला सांगितला. कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून बसला, म्हणजे कॉम्प्रेसर फिरत होता. माझ्या गाडीत रेडिएटरमागे शेजारी शेजारी दोन पंखे आहेत. एसी लागला की कंडेन्सरसाठीचा पंखा फिरायलाच हवा. तो जागचा हलला नाही.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. कूलिंग कॉइलमध्ये केबिनची उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती दाबून पुढे ढकलतो, आणि कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडून गॅस पुन्हा पातळ होतो. ४५ अंशांच्या हवेत उष्णता सोडायची तर कंडेन्सर त्याहून बराच तापलेला असावा लागतो. साठ अंश तिथे सहज होतात. गाडी पळताना समोरचा वारा त्याच्यावरून जातो म्हणून भागतं. उभ्या गाडीत पंखाही बंद असेल तर ती उष्णता जाणार कुठे? दाब चढत जातो, आणि काही फुटू नये म्हणून प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. मग उरतो नुसता ब्लोअर.

मिस्त्रींनी गेज लावला. लाल डायलचा काटा ३५० पीएसआयच्या वर जाऊन चढतच होता. त्यांनी बादली आणली आणि मगाने कंडेन्सरवर सावकाश पाणी सोडलं. मी आत बसून जाळीपुढे हात धरला होता. काटा उतरू लागला आणि माझ्या बोटांना गारवा लागला. एवढे दिवस जे कळत नव्हतं ते त्या मगभर पाण्याने दाखवून दिलं. मला फार बरं वाटलं, दुरुस्तीच्याही आधी.

फ्यूज, रिले ठीक निघाले. बॅटरीवरून सरळ करंट देऊनही पंखा फिरला नाही. मोटरचे कार्बन झिजले होते. नवी मोटर बसली.

तरीही काटा हवा त्याहून वरच होता. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस ४०० ग्रॅम लिहिलेला आहे. मशीनने काढून तोलला तर ५३० ग्रॅम निघाला! जास्तीचा गॅस पातळ होऊन कंडेन्सरमधली जागा अडवतो आणि दाब आणखी वाढवतो. म्हणून गॅस भरल्यावर माझा त्रास वाढला होता. मिस्त्रींनी तो हवेत सोडला नाही, मशीनमध्ये परत घेतला, हे मला महत्त्वाचं वाटतं. ओझोन खाणारा आर-१२ गॅस १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे मागे पडला आणि गाड्यांत आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता कोंडून ठेवतो. विदर्भात राहून नळी सोडून तो हवेत उडवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तोलून गॅस भरल्यावर, उभ्या गाडीत जाळीपाशी थर्मामीटरने १३ अंश दाखवले. गाडीखाली मात्र पाणी ठिबकत नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "आपल्या मे महिन्यात हवेत ओलच कुठं राहते, ताई? ते पावसाळ्यात पाहा."

पुढे शेजारच्या काकूंच्या गाडीतही गरम हवा येऊ लागली. ती चालत्या गाडीतही गरमच, सिग्नललाही गरमच. पंखा नीट फिरत होता. तिथे गेजचे दोन्ही काटे खाली होते आणि कंडेन्सरच्या नळीच्या सांध्यावर तेलकट काळा डाग धरला होता. गॅस गळतो तिथे त्याच्यासोबत कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. मिस्त्रींनी नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं, सांध्यावर बुडबुडे आले. आतली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. रिंग बदलली, पुन्हा नायट्रोजनने तपासलं, अर्धा तास व्हॅक्यूम लावला, आणि मग काकूंच्या देखत काट्यावर तोलून गॅस भरला. बिलावर ग्रॅम लिहून द्यायला काकूंनी स्वतःच सांगितलं.