कोलंबोत एक दिवस : बोटीची सहल की आपली गाडी?

प्रवासी बोटीने हिंडणे हा आपल्या वस्तीतल्या माणसाचा विषय नव्हे, असे कुणी म्हणेल. कालपरवापर्यंत मीही तेच म्हणत होतो. पण आता आपली मुले या बोटींवर नोकरीला आहेत. कुणी भटारखान्यात, कुणी खोल्या आवरायला, कुणी इंजिनावर. घरच्या माणसांना सवलतीत तिकीट मिळते. माझा मुलगा भटारखान्यात आहे. त्याच्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये मी, माझी पत्नी, मुलगी आणि शहात्तर वर्षांची आई असे चौघे जण बोटीने श्रीलंकेला जाऊन आलो. उद्या तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

बोट कोलंबो बंदराला सकाळी सात वाजता लागणार आणि संध्याकाळी सहाला सुटणार होती. पाच वाजेपर्यंत सर्वांनी बोटीवर परत यायचे. म्हणजे हातात एकच दिवस, आणि तोही अपुरा. या दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर निघाला.

बोटीवर सहलींचा कागद मिळतो. प्रत्येक बंदरावर काय पाहायचे, किती वेळ लागेल, किती पैसे पडतील, हे त्यात छापलेले असते. पैसे बोटीवरच भरायचे, सकाळी धक्क्यावर बस उभी असते, बरोबर वाटाड्या असतो. दुसरा मार्ग म्हणजे बंदराबाहेर पडून स्वतःच गाडी ठरवणे. कागदावर पहिलीच सहल होती कँडीची. दलदा मालिगाव, म्हणजे जिथे तथागतांचा दंतधातू ठेवला आहे ते विहार. तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर. चौघांचे मिळून माझ्या दीड महिन्याच्या पेन्शनएवढे.

आईला पैशाचे काही नव्हते. तिला कँडी हवी होती, आणि त्याचे कारण तुम्हाला सांगायला नको. मे १९५० मध्ये कँडीला जागतिक बौद्ध बंधुत्व संघटनेची पहिली परिषद भरली, तिला बाबासाहेब माईसाहेबांसह हजर होते. दीक्षाभूमीवरच्या दिवसाच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. आईने हे विहारातल्या व्याख्यानात ऐकले होते. घर सोडल्यापासून तिच्या तोंडी एकच होते, "मी कँडीला जानार."

मुलगा रात्री कामावरून सुटून आमच्या खोलीत आला. त्याने कागद उलटा करून हिशेब मांडला. कोलंबो ते कँडी रस्त्याने ११५ किलोमीटर. आपल्या मुंबई-पुण्यासारखा सरळ द्रुतगती मार्ग नाही. गावागावांतून जाणारा रस्ता, शेवटी घाट. जायला साडेतीन तास, यायला साडेतीन. बस आठला निघून पाचला परतणार, म्हणजे नऊ तासांतले सात तास बसमध्ये. उरलेल्या दोन तासांत जेवण, विहार आणि वाटेतले रत्नांचे नाहीतर मसाल्याचे दुकान. हे दुकान बहुतेक सहलींत असतेच, कारण तिथल्या विक्रीवर सहलवाल्याला दलाली मिळते. शिवाय दलदा मालिगावात धातूच्या गाभाऱ्याचे दार पूजेच्या वेळीच उघडते. पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा. आपण पोहोचणार साडेअकराला. तोवर सकाळची पूजा आटोपलेली, आणि संध्याकाळच्या पूजेला आपण समुद्रात असणार.

"मग आपली गाडी करून पहाटेच निघू," मी म्हणालो.

"बाबा, ते तर अजिबात नको," मुलगा म्हणाला. "बोटीच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते. नाही थांबता आले तर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवायची जबाबदारी बोटीची. पण तुमची गाडी घाटात अडकली तर बोट तुमच्यासाठी पाच मिनिटेही थांबणार नाही. मी धक्क्यावर पळत येणारी माणसे वरून पाहिली आहेत. शिडी उचललेली असते, माणसे हात हलवत असतात, आणि बोट हळूहळू सरकत असते. मग विमानाचे तिकीट काढून पुढच्या बंदरावर या, आपल्या खर्चाने."

तात्पर्य, लांब जायचे असेल तर बोटीची सहल. जवळपास हिंडायचे असेल तर आपली गाडी. लांबही जायचे आणि आपल्या जबाबदारीवरही जायचे, हा जुगार गरिबाने खेळू नये.

आई गप्प बसली. मग म्हणाली, "येवढा समिंदर वलांडून आलो, आन् बाबासायेब गेले तितं जायचं न्हाई?" माझ्याकडे उत्तर नव्हते. नातवाने तिचा हात धरून सांगितले, "आजी, बाबासाहेब नुसते कँडीत नव्हते. कोलंबोतही ते यंग मेन्स बुद्धिस्ट असोसिएशनपुढे बोलले, भारतात बुद्धधम्म कसा वाढला आणि का लोपला यावर. हे गावही त्यांच्या पायाखालचेच आहे. तू सात तास बसमध्ये बसलीस तर तुझे गुडघे विहाराची पायरी चढतील का?" आईने उत्तर दिले नाही. पण सकाळी उठून पांढरे पातळ नेसून तयार झाली.

कोलंबोचे बंदर मालवाहतुकीचे. कंटेनरच्या रांगांमधून पायी चालू देत नाहीत, दरवाजापर्यंत बस सोडते. दरवाजाबाहेर रिक्षावाले आणि गाडीवाले गराडा घालतात. पहिला भाव कधीही मान्य करू नये. आम्ही थोडे पुढे चालत गेलो आणि एका वयस्क चालकाशी दिवसभराचे ठरवले. कुठे कुठे जायचे, किती वाजता परत सोडायचे आणि एकूण किती द्यायचे, हे तिन्ही कागदावर लिहून घेतले. बोटीच्या एका तिकिटाच्या आत चौघांची गाडी झाली. तो पैसा मधल्या कुणाच्या खिशात न जाता चालवणाऱ्याच्या हातात पडला, याचेही समाधान वाटले.

पहिल्यांदा गेलो केलनियाला. बंदरापासून दहाएक किलोमीटर, केलनी नदीच्या काठी. स्वतः भगवान बुद्ध इथे येऊन गेले अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. तो इतिहास नव्हे, परंपरा आहे, एवढे ध्यानात ठेवून नमस्कार करावा. पोर्तुगीजांनी हे विहार उद्ध्वस्त केले होते, पुढे ते पुन्हा उभे राहिले. स्तूप भाताच्या राशीच्या आकाराचा, पांढराशुभ्र. बाहेर कमळे विकणाऱ्या बाया. आईचे पांढरे पातळ पाहून एकीने तिला आपल्यातलीच समजून सिंहलीत काहीतरी विचारले. लंकेतल्या उपासिकाही विहारात पांढरेच नेसतात. आईला भाषा कळेना. तिने हात जोडून त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. ती बाई, मग आमचा चालक, मग शेजारची दोन पोरे, सगळी तिच्याबरोबर म्हणू लागली. उच्चारांत थोडा फरक, पण शब्द तेच. शेवटी सगळ्यांच्या तोंडून एकदम "साधु, साधु, साधु" निघाले, आणि आईच्या डोळ्यांना धारा लागल्या.

आतल्या भिंतींवर सोलियस मेंडिस या चित्रकाराने विसाव्या शतकात काढलेली मोठी चित्रे आहेत. एका चित्रासमोर चालकाने आम्हाला थांबवले. कलिंग देशाची राजकन्या हेममाला आपल्या केसांत दंतधातू लपवून समुद्रापार लंकेत आणते, ते हे चित्र. आईने ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "म्हंजी ही बी बोटीनंच आली."

तिथून शहरात परतून कोटाहेनाला गेलो. हा भाग बंदराच्या अगदी जवळ. इथे दीपदुत्तमाराम नावाचे जुने विहार आहे. आपण प्रत्येक वस्तीत, प्रत्येक जयंतीला जो पंचरंगी धम्मध्वज लावतो, तो २८ एप्रिल १८८५ रोजी वैशाख पौर्णिमेला प्रथम फडकला, तो इथे. कोलंबोतल्या एका समितीने तो तयार केला आणि कर्नल ऑल्कॉट यांनी त्यात सुधारणा सुचवल्या. बाबासाहेब ज्या परिषदेला होते, त्याच १९५० च्या परिषदेत हा ध्वज जगातल्या सर्व बौद्धांचा म्हणून मांडला गेला. बोटीच्या कागदावर कोटाहेनाचे नावसुद्धा नव्हते. सहल आखणाऱ्याला त्या ध्वजाचे काय? आपल्याला काय पाहायचे आहे ते आपणच ठरवले, म्हणून ते दिसले.

दुपारी गंगारामय विहार पाहिले, फोर्ट स्टेशनसमोरच्या ऑल्कॉट यांच्या पुतळ्याला वंदन केले आणि साडेतीनला बंदराच्या दरवाजावर आलो. मुलीने कुरकुर केली की अजून दीड तास होता. मी म्हणालो, हा दीड तास म्हणजे आपला विमा.

आमच्या शेजारच्या खोलीतले पुण्याचे जोडपे कँडीच्या सहलीला गेले होते. त्यांची बस पाच वीसला आली. बोट थांबली, कुणी त्यांना एक शब्द बोलले नाही. विहारात पाऊण तास मिळाला, रत्नांच्या दुकानात तेवढाच. तरी बाई म्हणाल्या, "दार बंद होते, पण त्या दारासमोर बसले, बास झाले." त्यांचे पैसे वाया गेले, असे मी म्हणणार नाही. ज्याचा जीव जिथे अडकला आहे, तिथे तो जाणार.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. श्रीलंकेच्या प्रवेश परवान्याची चौकशी तिकीट काढतानाच करावी. घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवावे. श्रीलंकेची वेळ आपल्यासारखीच, पण मालदीवची आपल्या अर्धा तास मागे असते. बोटीचे घड्याळ भारताच्या वेळेवर आणि तुमचा मोबाईल मालेच्या वेळेवर असला, तर तुम्ही बेसावधपणे अर्धा तास उशिरा पोहोचाल. बोटीच्या बंदरावरील प्रतिनिधीचा फोन नंबर, औषधे आणि पासपोर्टची प्रत जवळ बाळगावी. विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत. दुपारी फरशी तापते, म्हणून पायमोजे न्यावेत. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तिथे तो अपमान समजतात व त्याबद्दल शिक्षाही झालेल्या आहेत.

पण खरे सांगायचे तर कँडी एका दिवसात बोटीवरून पाहायची जागा नाही. विमानाने कोलंबोला जावे, दोन रात्री कँडीत राहावे, पहाटेच्या पूजेला हजर राहावे. नोव्हेंबर २०२५ च्या दितवा चक्रीवादळात त्या डोंगरात मोठ्या दरडी कोसळल्या, म्हणून जाण्यापूर्वी रस्त्याची आणि रेल्वेची चौकशी करून घ्यावी. बोटीवरून उतरताना आईने मला हेच बजावले. घरी आल्यावर तिने वस्तीतल्या महिला मंडळात विषय काढला आणि कँडीसाठी भिशी सुरू झाली. बारा बायका आहेत. पहिला हप्ता आईने भरला.